हागिया सोफिया

हागिया सोफिया : तुर्कस्तानातील इस्तंबूल (पूर्वीचे कॉन्स्टँटिनोपल) शहरातील जगप्रसिद्ध प्राचीन वास्तू. बायझंटिन सम्राट पहिला जस्टिनियन (कार. ५२७–५६५) याने ५३२–३७ या काळात ती चर्च म्हणून उभारली. ऑटोमन सुलतान दुसरा महंमद याने १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर तिचे मशिदीत रूपांतर केले. १९३४ मधील निर्णयानुसार ती संग्रहालय झाली व जुलै २०२० पासून पुन्हा मशीद म्हणून वापरात आहे. ‘हागिया सोफिया’ या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पवित्र प्रज्ञा’ असा आहे. सोफिया नावाच्या कोणा संत स्त्रीशी या नावाचा संबंध नाही. ख्रिस्त हा ईश्वरी प्रज्ञेचा अवतार होय, या कल्पनेतून चर्च त्याला अर्पण करण्यात आले होते. ‘सेंट सोफिया’ हे यूरोपीय भाषांतील रूढ नाव त्यामुळे गैरसमज निर्माण करणारे ठरते. तुर्की भाषेत तिला ‘आयासोफ्या’ म्हणतात. धर्म बदलला, तरी जेत्यांनी मूळ ग्रीक नाव जवळजवळ तसेच कायम ठेवले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पूर्वेतिहास : आजची वास्तू ही त्याच जागेवरील तिसरी होय. पहिले चर्च सम्राट दुसरा कॉन्स्टँशिअस याच्या कारकीर्दीत १५ फेब्रुवारी ३६० रोजी अर्पण करण्यात आले. लाकडी छपराच्या या वास्तूस ‘महाचर्च’ असे म्हणत. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष जॉन क्रिसोस्टम याला हद्दपार केल्यामुळे ४०४ मध्ये शहरात दंगल उसळली, तीत ते जळाले. सम्राट दुसरा थिओडोशिअस याने बांधविलेले दुसरे चर्च ४१५ मध्ये खुले झाले. १९३५ मध्ये झालेल्या उत्खननात त्याच्या दर्शनी द्वारमंडपाचे काही अवशेष मिळाले. मेंढ्यांची रांग कोरलेला त्यांतील एक शिल्पपट्ट आजही वास्तूच्या पश्चिम बाजूस पाहावयास मिळतो. जानेवारी ५३२ मध्ये जस्टिनियनविरुद्ध ‘निका’ नावाने ओळखले जाणारे बंड झाले. त्यात राजधानीचा मोठा भाग भस्मसात झाला व हे दुसरे चर्चही जळाले. बंड निर्घृणपणे मोडून काढल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, २३ फेब्रुवारी ५३२ रोजी, नव्या चर्चचे काम सुरू झाले. राजसत्ता डळमळीत झाली असता तिचे वैभव व तिला लाभलेला ईश्वरी आधार सर्वांच्या दृष्टीस पडावा, हा या त्वरेमागील एक हेतू होता.

बांधकाम ट्रॅलीझचा अँथीमिअस व मायलीटसचा इसिडोरस यांच्याकडे सोपविण्यात आले. हे दोघेही भूमिती व यांत्रिकी यांचे जाणकार होते आणि याचा प्रत्यय वास्तूच्या धाडसी रचनेत येतो. सहा वर्षांहून कमी काळात काम पूर्ण होऊन २७ डिसेंबर ५३७ रोजी चर्चचे अर्पणविधी पार पडले. हे भव्य मंदिर पाहून आपण सॉलोमन राजावरही मात केल्याचे जस्टिनियनने उद्‌गार काढले, अशी आख्यायिका आहे; ती मात्र बरीच नंतरची आहे. चर्चच्या व्यापाची कल्पना जस्टिनियनच्या ५३५ मधील एका कायद्यावरून येते. वाढत्या खर्चाला आळा घालण्यासाठी या कायद्याने महाचर्च व त्याच्याशी संलग्न तीन चर्च यांतील सेवकवर्गावर मर्यादा घातली. तीनुसार ६० धर्मगुरू, १०० उपधर्मगुरू, ४० स्त्री-सेविका, ९० साहाय्यक, ११० वाचक, २५ गायक व १०० द्वारपाल ठेवण्यास मुभा होती.

वास्तुरचना : जस्टिनियनपूर्व काळात ख्रिस्ती चर्चसाठी सामान्यतः बॅसिलिका हा लांबट दालनाचा प्रकार वापरला जात असे. वर्तुळाकार किंवा बहुकोनी घुमटयुक्त वास्तू हा दुसरा प्रकार होता. हागिया सोफियात या दोन्ही प्रकारांचा संयोग साधला आहे. मुख्य वास्तूचे विधान सु. ८२ मी. लांब व ७३ मी. रुंद असून पश्चिमेस प्रवेशाचे दोन समांतर अग्रमंडप आहेत. मधल्या प्रशस्त दालनावर प्रचंड घुमट आहे. दोन्ही बाजूंस स्तंभांनी विलग केलेल्या पार्श्ववीथी व त्यांवर सज्जे आहेत. पूर्व टोकाला पूजास्थानाचे अर्धवर्तुळाकार गर्भागार आहे.

घुमट हा या वास्तूचा आत्मा होय. त्याचा व्यास सु. ३१ मी. असून त्याचा माथा जमिनीपासून सु. ५५ मी. उंचीवर आहे. वर्तुळाकार घुमट चौरस जागेवर बसवायचा, तर चार कोपरे मोकळे राहतात. रोमच्या पँथिऑनसारख्या पूर्वीच्या मोठ्या वास्तूंत घुमटाखाली सलग वर्तुळाकार भिंत असल्याने हा प्रश्न उद्‌भवत नसे. येथे चार भक्कम स्तंभपीठांवर चार मोठ्या कमानी उभारल्या असून, दोन कमानींमधील कोपऱ्यांत खाली निमुळते व वर रुंद होत जाणारे अंतर्वक्र त्रिकोण बांधले आहेत. वर जाऊन हे चारही त्रिकोण एकमेकांना मिळतात व घुमटाला लागणारे वर्तुळ सिद्ध होते. हे तंत्र लहान प्रमाणावर आधी माहीत होते; पण एवढ्या मोठ्या घुमटासाठी ते येथे प्रथमच वापरले गेले. पूर्व-पश्चिम दिशांना मुख्य घुमटालगत एकेक अर्धघुमट व त्यांना चिकटून आणखी लहान अर्धघुमट आहेत. त्यामुळे मधल्या दालनात आधाराच्या स्तंभांचा अडथळा न येता सलग अवकाश निर्माण झाला.

घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्यांचे वलय आहे. त्यांतून येणाऱ्या प्रकाशामुळे घुमट खालच्या बांधकामावर टेकलेला नसून अधांतरी असल्याचा भास होतो. जस्टिनियनचा समकालीन इतिहासकार प्रोकोपिअस यानेही हा भास नोंदविलेला आहे. सज्जांखाली ४० व सज्जांत ६४ असे एकूण १०४ स्तंभ आहेत. त्यांत ईजिप्तमधील जांभळट पॉर्फिरी व थेसालीतील हिरवा संगमरवर वापरलेला आहे. जमिनीसाठी मार्मारा समुद्रातील प्रॉकॉनेसस बेटाचा करडा-पांढरा संगमरवर आणलेला आहे. भिंतींवर एकाच शिळेचे पातळ पत्रे कापून ते उघडलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे शेजारी बसविले असल्याने दगडाच्या नैसर्गिक शिरांची सममित चित्रे तयार झाली आहेत. स्तंभशीर्षांवर खोल कोरलेली जाळीदार पर्णाकृती असून काहींवर जस्टिनियन व त्याची सम्राज्ञी थिओडोरा यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. अंतर्भाग एवढा विशाल आहे, की आत उच्चारलेला ध्वनी रिकाम्या दालनात दहा सेकंदांहून अधिक काळ घुमत राहतो. बायझंटिन धर्मगीतांना व पुढे कुराणपठणाला लाभलेले गांभीर्य बऱ्याच अंशी या गुणामुळे होते.

पडझड व दुरुस्ती : या वास्तूची कथा ही तिच्या सततच्या दुरुस्त्यांचीही कथा आहे. बांधकामात विटांइतक्याच जाडीचे चुन्याचे थर वापरलेले होते. चुना पूर्ण घट्ट होण्यापूर्वीच त्यावर वरचा भार आल्यामुळे आधार बाहेरच्या बाजूंस झुकले. पूर्व-पश्चिम दिशांना अर्धघुमटांचा आधार असला, तरी उत्तर व दक्षिण बाजूंस तसा तो नव्हता आणि तेथेच रचनेची उणीव होती. मूळ घुमट आजच्याहून बराच बसका होता. त्यामुळे त्याचा बाहेर ढकलणारा रेटाही अधिक होता. ५५३ व ५५७ मधील भूकंपांनी त्याला तडे गेले आणि मे ५५८ मध्ये तो पूर्वेकडील अर्धघुमटासह कोसळला. मूळ वास्तुशिल्पी इसिडोरस याचा पुतण्या धाकटा इसिडोरस याने तो सु. सहा मी. अधिक उंच करून पुन्हा बांधला. डिसेंबर ५६२ मध्ये चर्चचे पुनरर्पण झाले व त्या प्रसंगानिमित्त राजदरबारी कवी पॉल सायलेंशिॲरिअस याने वास्तूचे वर्णन करणारे दीर्घ काव्य रचले. ९८९ मधील भूकंपाने घुमटाचा पश्चिम भाग व १३४६ मध्ये पूर्व भाग पडला. पहिल्या वेळी आर्मेनियन वास्तुशिल्पी तिरदात याने दुरुस्ती केली व ९९४ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले. चौदाव्या शतकात बाहेरून मोठ्या टेकभिंती उभारण्यात आल्या. आजचा घुमट अशा रीतीने सहाव्या, दहाव्या व चौदाव्या शतकांतील भागांचा मिळून बनलेला आहे.

चर्च म्हणून महत्त्व : सु. नऊशे वर्षे हागिया सोफिया हे पौर्वात्य ख्रिस्ती जगाचे केंद्र होते. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाचे ते पीठ होते व सम्राटांचे राज्याभिषेक प्रायः येथेच होत. कीएव्हचा राजा व्ह्लादीमिर याने धर्माची पारख करण्यासाठी पाठविलेले दूत येथील उपासना पाहून भारावून गेले, असे जुन्या रशियन बखरीत म्हटले आहे. त्यानंतर ९८८ च्या सुमारास रशियनांनी पौर्वात्य ख्रिस्ती संप्रदाय स्वीकारला. १६ जुलै १०५४ रोजी रोमच्या पोपचा प्रतिनिधी कार्डिनल हंबर्ट याने धर्माध्यक्षाच्या बहिष्काराचा लेख येथील वेदीवर ठेवला. रोमन व पौर्वात्य चर्चमधील फुटीचे प्रतीक म्हणून हा प्रसंग ओळखला जातो.

या वास्तूला पहिला मोठा आघात झाला, तो ख्रिस्ती सैन्याकडूनच. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैनिकांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून चर्चमधील मौल्यवान वस्तू व पवित्र अवशेष लुटले. १२६१ पर्यंत ते रोमन कॅथलिक कॅथीड्रल होते. या मोहिमेतील व्हेनिसचा वयोवृद्ध ड्यूक एनरीको दांदोलो याचे दफन १२०५ मध्ये येथे झाले. बायझंटिनांनी शहर परत मिळविले, तरी खालावलेल्या साम्राज्याला एवढ्या वास्तूची निगा राखणे कठीण झाले. पंधराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या प्रवाशांनी तिच्या परिसराच्या जीर्णावस्थेचे उल्लेख केले आहेत. पश्चिमेकडून लष्करी साहाय्य मिळावे, म्हणून १२ डिसेंबर १४५२ रोजी दोन्ही चर्चच्या एकीकरणाची घोषणा येथे करण्यात आली. ती शहरातील बहुसंख्य ग्रीकांना मान्य नव्हती व त्यांनी येथील उपासनेकडे पाठ फिरविली. पण शहर पडण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही पंथांचे लोक येथील अखेरच्या प्रार्थनेसाठी एकत्र जमले.

कुट्टिमचित्रे : जस्टिनियनच्या काळातील अलंकरण मुख्यतः क्रूस, फुले व भौमितिक आकृती यांचे होते. आठव्या-नवव्या शतकांतील मूर्तिभंजनाच्या चळवळीत मानवाकृतींच्या चित्रणावर बंदी आली. ८४३ मध्ये ती उठल्यानंतर आज दिसणाऱ्या मानवाकृतियुक्त कुट्टिमचित्रांचा काळ सुरू झाला. गर्भागाराच्या अर्धघुमटातील बालख्रिस्तासह मेरीचे चित्र त्यांत सर्वांत जुने असून त्याचे अनावरण धर्माध्यक्ष फोशिअस याच्या प्रवचनाने २९ मार्च ८६७ रोजी झाले. राजद्वारावर सिंहासनस्थ ख्रिस्तापुढे लोटांगण घालणारा सम्राट दाखविला आहे. तो सहावा लिओ असावा, असे सामान्यतः मानतात. दक्षिण प्रवेशकक्षातील दहाव्या शतकातील चित्रात जस्टिनियन मेरीला चर्चची व कॉन्स्टंटिन शहराची प्रतिकृती अर्पण करीत आहे. दक्षिण सज्जात सम्राज्ञी झोई व तिचा तिसरा पती नववा कॉन्स्टंटिन यांचे ख्रिस्तासह चित्र आहे. त्यांतील चेहरे मागाहून बदललेले असून, सम्राज्ञीच्या आधीच्या पतीच्या जागी नव्या पतीचा चेहरा बसविला गेल्याचे त्यावरून अनुमान केले जाते. त्याच सज्जातील ‘डीसिस’ हे चित्र १२६१ नंतरच्या काळातील मानले जाते. मानवजातीसाठी ख्रिस्ताजवळ याचना करणारी मेरी व बाप्तिस्मा देणारा जॉन यांचे चेहरे त्यात अत्यंत भावपूर्ण उतरले आहेत. खालचा भाग नष्ट झाला असला, तरी बायझंटिन चित्रकलेतील श्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते.

मशिदीत रूपांतर : २९ मे १४५३ रोजी शहर पडले, तेव्हा चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या लोकांना कैद करण्यात आले व आतील वस्तूंची लूट झाली. सुलतान दुसरा महंमद याने शहरात येताच ही वास्तू मशीद म्हणून जाहीर केली आणि १ जून रोजी तेथे पहिली शुक्रवारची नमाज झाली. बळाने जिंकलेल्या शहरातील मुख्य उपासनास्थान जेत्याच्या धर्माकडे जावे, ही त्या काळाची रूढी होती व ती केवळ एका धर्माची नव्हती. १२३६ मध्ये स्पेनमधील कॉर्दोव्हा जिंकल्यावर कॅस्टीलच्या राजाने तेथील प्रसिद्ध मशिदीचे चर्च केले होते. महंमदाला बायझंटिन सम्राटांचा वारसही म्हणवून घ्यावयाचे होते. त्यामुळे वास्तू पाडण्याऐवजी ती आपलीशी करणे त्याला अधिक इष्ट वाटले. तिच्या उभारणीच्या ग्रीक आख्यायिकांची पर्शियन व तुर्की रूपांतरे त्याच्याच काळात तयार झाली. धर्माध्यक्षाचे पीठ प्रथम ‘पवित्र प्रेषितां’च्या चर्चमध्ये व तेथून १४५६ मध्ये पॅमॅकारिस्टस चर्चमध्ये हलविण्यात आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या चर्चचीही मशीद झाली.

रूपांतरासाठी मूळ रचनेत फारसे फेरफार करावे लागले नाहीत. वेदी, घंटा, क्रूस व पूजास्थानापुढील पडदी काढून टाकण्यात आली. चर्चचा अक्ष आग्नेयेकडे असला, तरी मक्केची दिशा त्याहून काहीशी दक्षिणेकडे येते. म्हणून गर्भागारातील मिहराब मध्यभागी न ठेवता उजवीकडे वळवून बसविला आहे. नमाजाच्या रांगाही त्यानुसार वास्तूच्या मध्यरेषेशी तिरप्या येतात. एका धर्मासाठी योजलेल्या वास्तूत दुसऱ्या धर्माची उपासना सामावली गेल्याची ही खूण आजही प्रत्यक्ष दिसते. मानवाकृतींची सर्व चित्रे एकाच वेळी झाकली गेली नाहीत. नमाज पढणाऱ्यांच्या नजरेत येणारी चित्रे आधी व उंचावरील पुष्कळ नंतर झाकण्यात आली. गर्भागारातील मेरीचे चित्र कित्येक पिढ्यांपर्यंत दिसत असल्याचे प्रवाशांच्या वृत्तांतांवरून समजते. चुन्याच्या गिलाव्याखाली गेल्यामुळे ही चित्रे दृष्टिआड झाली. पण त्याच गिलाव्याने त्यांतील काहींचे रक्षणही केले.

मशिदीच्या निर्वाहासाठी सुलतानाने वक्फ स्थापन केला व बाजारपेठा, दुकाने, सराया व स्नानगृहे यांचे उत्पन्न त्यास लावून दिले. या नियमित उत्पन्नामुळे नंतरच्या काळातील दुरुस्त्या शक्य झाल्या. हाच वक्फ पुढे विसाव्या-एकविसाव्या शतकांतील कायदेशीर वादाच्या केंद्रस्थानी आला.

ऑटोमन काळातील भर : वास्तूच्या चार कोपऱ्यांवरील चार मीनार एकाच वेळचे नाहीत. आग्नेयेचा विटांचा मीनार सर्वांत जुना असून पश्चिमेकडील दोन जुळे मीनार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. सुलतान दुसरा सलीम (कार. १५६६–७४) याच्या काळात वास्तू खचू लागल्याचे आढळल्यावर श्रेष्ठ वास्तुशिल्पी सिनान याने १५७३ पासून टेकभिंती बांधून ती सुरक्षित केली. हागिया सोफिया आज उभी आहे, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर त्याला दिले जाते. आवारात दुसरा सलीम, तिसरा मुराद व तिसरा महंमद या सुलतानांच्या कबरी आहेत. जुन्या बाप्तिस्मागृहाचेही कबरस्थान करण्यात आले व तेथे पहिला मुस्तफा व इब्राहीम या सुलतानांचे दफन झाले. तिसऱ्या मुरादाने पर्गमम येथून संगमरवराचे दोन प्रचंड रांजण आणून आत ठेवले. पहिला महमूद (कार. १७३०–५४) याने आत ग्रंथालय आणि बाहेर वजूसाठी कारंजे व अन्नछत्र बांधविले.

सुलतान अब्दुल मजीद याच्या आज्ञेवरून गास्पारे व ज्यूझेप्पे फोसाती या स्विस बंधूंनी १८४७–४९ मध्ये वास्तूचा व्यापक जीर्णोद्धार केला. घुमटाला लोखंडी साखळ्यांनी आवळून त्यांनी तो मजबूत केला व झुकलेले स्तंभ सरळ केले. या कामात गिलाव्याखालील कुट्टिमचित्रे उघडी पडली. त्यांनी त्यांची आरेखने करून ती पुन्हा झाकली. त्यांतील काही चित्रे नंतर नष्ट झाल्याने ही आरेखने आता त्यांचा महत्त्वाचा पुरावा ठरली आहेत. सुलेखनकार मुस्तफा इज्जत एफेंदी याने लिहिलेल्या सु. साडेसात मी. व्यासाच्या आठ वर्तुळाकार फलकांची योजना याच वेळची आहे. त्यांवर अल्ला, मुहंमद पैगंबर, पहिले चार खलीफा व पैगंबरांचे नातू हसन व हुसैन यांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. घुमटाच्या अंतर्भागात कुराणातील ‘नूर’ म्हणजे प्रकाश या अध्यायातील वचन आहे. घुमटाखालील चार त्रिकोणांत सहा पंखांचे देवदूत असून फोसातींनी त्यांचे चेहरे धातूच्या तारकाकृतींनी झाकले होते. त्यांपैकी एक चेहरा २००९ मध्ये उघडण्यात आला.

ऑटोमन वास्तुकलेवर हागिया सोफियाचा खोल प्रभाव पडला. मध्यवर्ती घुमट व त्याला अर्धघुमटांचा आधार ही कल्पना इस्तंबूलमधील बायझीद व सुलेमानिये (१५५०–५७) या मशिदींत विकसित झालेली दिसते. सिनानने एदिर्ने येथील सलीमिये मशिदीत (१५६८–७४) आठ स्तंभांवर तेवढ्याच विस्ताराचा घुमट उभारून या आदर्शाशी स्पर्धा केली. हागिया सोफियासमोरील सुलतान अहमद मशीद (१६०९–१७) ही याच परंपरेतील होय. एका ख्रिस्ती चर्चने अशा रीतीने ऑटोमन मशिदीच्या शैलीला रूप दिले.

संग्रहालय व पुन्हा मशीद : पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानचा पराभव झाल्यावर हागिया सोफिया पुन्हा चर्च करावी, अशी चळवळ इंग्लंडमध्ये झाली. भारतातील खिलाफत चळवळीच्या नेत्यांना इस्तंबूलच्या भवितव्याबद्दल जी चिंता वाटत होती, तिला हीही पार्श्वभूमी होती. तुर्की प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर (१९२३) परिस्थिती पालटली. केमाल आतातुर्कच्या सरकारच्या अनुमतीने अमेरिकन विद्वान टॉमस व्हिट्‌मोर व त्यांची बायझंटिन संस्था यांनी १९३१ पासून कुट्टिमचित्रे उघडी करण्यास आरंभ केला. २४ नोव्हेंबर १९३४ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने वास्तूचे संग्रहालय करण्यात आले आणि १ फेब्रुवारी १९३५ रोजी ते लोकांस खुले झाले. जमिनीवरील गालिचे काढल्याने मूळ संगमरवरी फरसबंदी दिसू लागली. सुलेखनाचे मोठे फलकही उतरविण्यात आले. पण ते दरवाजातून बाहेर काढता न आल्याने आतच राहिले व १९४९ मध्ये पुन्हा टांगण्यात आले. त्यामुळे मेरीचे चित्र व इस्लामी सुलेखन एकाच दृष्टिक्षेपात दिसणे, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य बनले. १९८५ मध्ये यूनेस्कोने इस्तंबूलच्या ऐतिहासिक भागांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यात ही वास्तू अंतर्भूत आहे. १९९१ पासून संकुलातील सुलतानांसाठी बांधलेल्या दालनाचा भाग नमाजासाठी खुला करण्यात आला होता.

मशिदीच्या पुनःस्थापनेची मागणी तुर्कस्तानातील धार्मिक गटांकडून दीर्घकाळ होत होती. एका संघटनेच्या अर्जावर देशाच्या राज्य परिषदेने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, १० जुलै २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या निकालाने १९३४ चा निर्णय रद्द केला. ही वास्तू दुसऱ्या महंमदाच्या वक्फाची मिळकत असून १९३६ च्या मालकीपत्रातही तिची नोंद मशीद अशीच आहे. वक्फाच्या उद्दिष्टाविरुद्ध तिचा उपयोग करण्याचा अधिकार मंत्रिमंडळास नव्हता, असे निकालात म्हटले आहे. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रेजेप तायिप एर्दोआन यांनी ती धार्मिक व्यवहार विभागाकडे सोपविली व २४ जुलै २०२० रोजी तेथे पहिली नमाज झाली. यूनेस्कोने पूर्वचर्चेविना झालेल्या या बदलाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. ग्रीस व पौर्वात्य ख्रिस्ती चर्च यांनी निषेध केला, तर तुर्की सरकारने हा आपल्या सार्वभौमत्वाचा प्रश्न असल्याची भूमिका घेतली. फरशीवर पुन्हा गालिचे आले व गर्भागारातील मेरीचे चित्र नमाजाच्या दिशेस येत असल्याने ते पडद्याने झाकण्याची व्यवस्था झाली. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना शुल्क देऊन केवळ वरच्या सज्जांत प्रवेश मिळतो. तळमजला उपासकांसाठी राखीव आहे. मुख्य घुमटाच्या भूकंपसंरक्षणाचे व दुरुस्तीचे काम २०२५ मध्ये हाती घेण्यात आले.

अशीच स्थित्यंतरे इतर काही वास्तूंनीही पाहिली आहेत. सायप्रसमधील निकोसियाचे सेंट सोफिया व फामागुस्टाचे सेंट निकोलस ही गॉथिक कॅथीड्रले १५७०–७१ मध्ये मशिदी झाल्या. थेसालोनायकी येथील हागिया सोफिया सोळाव्या शतकात मशीद व १९१२ नंतर पुन्हा चर्च झाली. ट्रॅब्झनमधील तेराव्या शतकातील त्याच नावाचे चर्च संग्रहालय झाल्यानंतर २०१३ मध्ये आणि इस्तंबूलमधील चौदाव्या शतकातील कुट्टिमचित्रांसाठी विख्यात असलेले कोरा चर्च मे २०२४ मध्ये उपासनेसाठी मशीद म्हणून खुले करण्यात आले.

हागिया सोफिया ९१६ वर्षे चर्च, ४८१ वर्षे मशीद व ८५ वर्षे संग्रहालय होती. या प्रत्येक काळाने तिच्यात काही झाकले, काही उघडले व काही नव्याने घातले. पूर्वीचे सर्व पुसून टाकण्याचा यत्न मात्र कोणी पूर्णत्वास नेला नाही. तिच्या मालकीविषयीचे वाद तीव्र असले, तरी तिचे टिकणे हे ख्रिस्ती, मुस्लिम व धर्मनिरपेक्ष अशा सर्वच राजवटींतील कारागिरांच्या श्रमांचे फळ आहे. भूकंपप्रवण प्रदेशात उभ्या असलेल्या सु. १,५०० वर्षांच्या या वास्तूचे जतन करणे आणि तिच्यातील सर्व कालखंडांचे पुरावे अभ्यासकांस व सामान्य जनांस पाहता येतील असे ठेवणे, या दोन जबाबदाऱ्या तिच्या वापराचे स्वरूप काहीही असले, तरी कायम राहतात.